पोटगीचा आदेश कुठल्या राज्यात मागायचा? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

लग्न पुण्यात झालं. पहिली चार वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला गेली. मुलगी तिथेच झाली. मग नवऱ्याला टेक्ससमध्ये ऑस्टिनला नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड तिकडे हललं. दोन वर्षांत संसार विस्कटला. आई मुलीला घेऊन कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आपल्या भावाकडे आली, बाबा ऑस्टिनलाच राहिले. आता मुलीच्या खर्चाचे पैसे मागायचे, तर कुठल्या राज्याच्या कोर्टात?

हे कुटुंब मी समजावून सांगण्यासाठी उभं केलं आहे, पण अशी कहाणी तुमच्या ओळखीत कुठेतरी असेलच. नोकरीमागे दोन-तीन राज्यं फिरणं इथल्या आपल्या लोकांना नवीन नाही. कोर्टाचे कागद हातात घेऊन गोंधळलेल्या मराठी माणसांना ते कागद वाचून दाखवायचं, अर्थ सांगायचा, हे काम मी करते. मी वकील नाही आणि हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो: "माझ्या स्टेटमध्ये फाइल करू की त्याच्या?" या प्रश्नाच्या आधी दोन-तीन प्रश्न सोडवावे लागतात. ते न सोडवता चुकीच्या राज्यात अर्ज गेला, तर महिने जातात, वकिलाची फी जाते आणि अर्ज "आम्हाला अधिकार नाही" असा शेरा घेऊन परत येतो. तो क्रम इथे लावून देते.

त्याआधी एका शब्दाबद्दल. मराठीत आपण बायकोची आणि मुलांची, दोन्ही पोटगीच म्हणतो. इथे मात्र ती दोन वेगळी खाती आहेत. मुलांसाठी चाइल्ड सपोर्ट, नवरा-बायकोत स्पाउजल सपोर्ट किंवा ॲलिमनी. राज्याच्या अधिकाराचे नियमही दोन्हींना वेगवेगळे आहेत. या लेखात बहुतेक ठिकाणी मी मुलांच्या पोटगीबद्दल बोलते आहे. ॲलिमनीचं शेवटाकडे सांगेन. ग्रीन कार्डाच्या वेळी भरलेला आय-८६४ नावाचा ‘ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट’ ही तर तिसरीच गोष्ट आहे. त्यात सपोर्ट हा शब्द आहे एवढंच. त्याची सरमिसळ इथे करू नका.

सगळ्या राज्यांत एकच कायदा कसा

कुटुंबाचे कायदे अमेरिकेत राज्यागणिक वेगळे आहेत. त्यामुळे पूर्वी विचित्र अवस्था व्हायची. १९५० साली आलेल्या जुन्या कायद्याखाली बाप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की तिथलं कोर्ट आपला वेगळा आदेश काढू शकत असे. एकाच मुलासाठी दोन-तीन राज्यांचे दोन-तीन आदेश, प्रत्येकाची रक्कम निराळी, आणि थकबाकी कुठल्या आकड्याने मोजायची यावर पुन्हा भांडण. हे थांबवण्यासाठी १९९२ साली ‘युनिफॉर्म इंटरस्टेट फॅमिली सपोर्ट ॲक्ट’चा मसुदा तयार झाला. वकील त्याला युइफ्सा म्हणतात. केंद्राने १९९६ मध्ये अट घातली की चाइल्ड सपोर्टच्या कामासाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर १ जानेवारी १९९८ पर्यंत प्रत्येक राज्याने हा कायदा स्वीकारायचा. पुढे २००८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या आणि २०१४ च्या केंद्रीय कायद्यामुळे ती सुधारित आवृत्तीही सगळ्या राज्यांत आली. म्हणून तुम्ही कुठेही राहत असलात, तरी पुढचे नियम थोड्याफार फरकाने तेच असतात.

या कायद्याचा गाभा सांगायचा तर, एका मुलासाठी एका वेळी एकच आदेश चालतो, आणि तो बदलण्याचा अधिकारही एका वेळी एकाच राज्याकडे असतो. ते राज्य कुठलं, हे शोधण्यासाठीच पुढच्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: आधीचा आदेश आहे का, ते शोधा

ही पायरी लोक हमखास गाळतात. "आमचा काही आदेश नाही" असं सांगतात, आणि मग घटस्फोटाच्या निकालपत्राच्या सातव्या पानावर चाइल्ड सपोर्टची ओळ सापडते. तात्पुरता म्हणून काढलेला आदेशही आदेशच असतो. घरगुती हिंसेच्या प्रकरणात संरक्षणाचा आदेश घेतला असेल, तर त्यातही कधी कधी मुलांच्या खर्चाचं कलम असतं. मुलासाठी सरकारी रोख मदत घेतली असेल, तर राज्याने स्वतःहून बाबांविरुद्ध प्रकरण उघडलेलं असू शकतं आणि तुम्हाला आलेलं पत्र इतर टपालात हरवलेलं असू शकतं.

खात्री करायची असेल, तर आपल्या राज्याच्या चाइल्ड सपोर्ट कार्यालयात जा. प्रत्येक राज्यात असं कार्यालय आहे. नाव आणि खातं निराळं असतं. टेक्ससमध्ये हे काम ॲटर्नी जनरलच्या अखत्यारीत येतं, कॅलिफोर्नियात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. देशभरातल्या आदेशांची केंद्रीय नोंद असते आणि ती या कार्यालयांना पाहता येते. अर्जाची फी २५ डॉलरच्या वर नसते. तिथले वकील मात्र राज्यासाठी काम करतात, ते तुमचे वकील होत नाहीत. त्यांच्याशी बोलताना हे मनात असू द्या.

आदेश सापडला तर थेट चौथ्या पायरीवर जा. नसेल, तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: आदेश नाही. मग पैसे देणाऱ्यावर कुठल्या राज्याचा अधिकार चालतो?

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मुलगी कॅलिफोर्नियात राहते, शाळा तिथली, डॉक्टर तिथला. मग कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने बाबांना पैसे द्यायला सांगावं, यात गैर काय? सरळ विचाराने काहीच नाही. पण अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे ज्या माणसाला पैसे द्यायला लावायचं, त्या माणसाचा त्या राज्याशी स्वतःचा काही संबंध असावा लागतो. मूल तिथे आहे एवढं पुरत नाही.

हे ठरलं ते १९७८ साली, कुल्को खटल्यात. वडील न्यू यॉर्कमध्ये राहणारे. आई विभक्त झाल्यावर कॅलिफोर्नियात गेली. मुलीने आईकडे राहायची इच्छा दाखवली, तेव्हा वडिलांनी तिला विमानाचं तिकीट काढून दिलं. पुढे आईने कॅलिफोर्नियात पोटगी वाढवून मागितली. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मुलीला जाऊ दिलं म्हणून वडील कॅलिफोर्नियाच्या अधिकाराखाली येत नाहीत. दोघांचं लग्न प्रवासातल्या एका मुक्कामात कॅलिफोर्नियातच लागलं होतं. तेही पुरेसं धरलं गेलं नाही. म्हणून "आमचं लग्न इथेच रजिस्टर झालं होतं" या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

मग बाहेरच्या राज्यातल्या माणसावर अधिकार येतो कशाने? युइफ्साने त्याचे धागे मोजून दिले आहेत. त्या माणसाला त्या राज्याच्या हद्दीत समन्स हातात मिळालं असेल. त्याने स्वतः संमती दिली असेल, किंवा अधिकाराला हरकत न घेता कोर्टात उत्तर दाखल केलं असेल. तो पूर्वी त्या राज्यात मुलाबरोबर राहिला असेल. तिथे राहून त्याने बाळंतपणाचा किंवा मुलाचा खर्च केला असेल. मूल त्या राज्यात आलं ते त्याच्याच कृतीमुळे किंवा सांगण्यावरून आलं असेल. मूल तिथे गर्भात राहिलं असण्याची शक्यता असेल. काही राज्यांत पितृत्वाच्या नोंदवहीत त्याने नाव लावलं असेल तर तेही धरतात. यातला एक धागा सापडला, तरी चालतो.

आपल्या कुटुंबाला हे लावून पाहू. बाबा कॅलिफोर्नियात कधी मुलीबरोबर राहिलेच नाहीत. म्हणजे तो धागा नाही. "फ्रीमाँटला भावाकडे जा, मी तिकीट काढतो" असं त्यांनी लिहून पाठवलं असेल, तरी कुल्को खटला आडवा येऊ शकतो. मारहाणीमुळे आईला मुलीला घेऊन पळावं लागलं असेल, तर मात्र चित्र बदलतं. काही राज्यांच्या कोर्टांनी अशा हिंसेला ‘त्याच्या कृतीमुळे मूल इथे आलं’ असं मानलं आहे. तुमची गोष्ट अशी असेल, तर ती पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा. लाजेपायी ती मागे ठेवून चालणार नाही, कारण अधिकार कुठे हा प्रश्नच तिच्यावर ठरू शकतो.

समन्सचा धागा लोकांना अन्यायाचा वाटतो, पण तो पक्का आहे. १९९० च्या बर्नहॅम खटल्यातले वडील न्यू जर्सीचे. कामासाठी आणि मुलांना भेटायला ते कॅलिफोर्नियात आले, तेव्हा तिथेच त्यांच्या हाती घटस्फोटाचे कागद पडले. सुप्रीम कोर्टाने ते ग्राह्य धरलं. आपल्या गोष्टीतले बाबा वाढदिवसाला फ्रीमाँटला आले आणि तिथे समन्स मिळालं, तर कॅलिफोर्नियाला अधिकार येतो.

धागा सापडलाच नाही, तर? तर बाबा जिथे राहतात तिथे, म्हणजे टेक्ससमध्ये, अर्ज करायचा. यासाठी ऑस्टिनला जावं लागत नाही. फ्रीमाँटच्या आईने आपल्या काउंटीच्या चाइल्ड सपोर्ट कार्यालयात अर्ज द्यायचा, ते तो टेक्ससला पाठवतात आणि टेक्ससमध्ये सुनावणी होते. आईची साक्ष फोनवर किंवा व्हिडिओवर घेता येते. या कामात भाग घेतला म्हणून टेक्ससच्या कोर्टाला आईवर इतर बाबतीत, म्हणजे समजा ताब्याच्या भांडणात, अधिकार मिळत नाही, अशी हमी कायद्यातच आहे. आणि पत्ता उघड झाल्याने आईच्या किंवा मुलीच्या जिवाला धोका असेल, तर शपथेवर तसं लिहून देऊन पत्ता झाकून ठेवता येतो. हे अर्ज देतानाच मागायचं. कागद एकदा समोरच्याच्या हाती गेले की पत्ता परत झाकता येत नाही.

आता या निवडीचा पैशावर आणि वर्षांवर काय परिणाम होतो, ते बघा. आदेश ज्या राज्यात निघतो तिथला हिशेब लागू होतो. टेक्सस एका मुलासाठी देणाऱ्याच्या निव्वळ मिळकतीच्या २० टक्क्यांपासून सुरुवात करतं, तेही मिळकतीच्या एका ठरावीक मर्यादेपर्यंत. कॅलिफोर्नियाचं सूत्र दोघांची मिळकत आणि मूल कोणाकडे किती वेळ राहतं, हे पाहतं. मुदतही वेगळी. टेक्ससमध्ये १८ वर्षं किंवा हायस्कूल पूर्ण होईपर्यंत, जे उशिरा येईल ते. कॅलिफोर्नियात १८, आणि मूल पूर्णवेळ हायस्कूलमध्ये असेल तर फार तर १९. न्यू जर्सीत साधारण १९, पण शिक्षण किंवा अपंगत्व दाखवून ती २३ पर्यंत वाढवून मागता येते. न्यू यॉर्कमध्ये २१.

आणि पहिल्या आदेशाची ही मुदत पुढे बदलता येत नाही. उद्या सगळं कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं, तिथल्या कोर्टाने रक्कम बदलली, तरी मुदत पहिल्या आदेशाच्या राज्याचीच राहते. न्यू यॉर्कचा आदेश घेऊन कॅलिफोर्नियात आलेल्या मुलाला २१ पर्यंत पैसे मिळतात. टेक्ससचा आदेश घेऊन न्यू यॉर्कला गेलेल्या मुलीला न्यू यॉर्कचा २१ चा नियम लागत नाही. म्हणून दोन राज्यांत अर्ज करण्याची खरी मोकळीक असेल, तर तिथे थांबा, वकिलाशी एक तास बोला, मग ठरवा. त्या एका तासाचे पैसे वाया जात नाहीत.

तिसरी पायरी: दोघांनी दोन राज्यांत अर्ज केले असतील तर

क्वचित होतं, पण होतं. बाबांनी ऑस्टिनला अर्ज केला, आईने फ्रीमाँटला. अशा वेळी मुलाचं ‘होम स्टेट’ पुढे येतं. अर्जाच्या आधी सलग किमान ६ महिने मूल आई किंवा वडिलांबरोबर जिथे राहिलं ते राज्य. ६ महिन्यांहून लहान बाळाचं जन्मापासूनचं राज्य. सुट्टीसाठी भारतात जाऊन आलात, तर ती तात्पुरती गैरहजेरी त्या ६ महिन्यांतच मोजली जाते. मात्र दुसऱ्याच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदत संपायच्या आत आपला अर्ज करावा लागतो आणि तिथल्या अधिकाराला वेळेत हरकतही घ्यावी लागते. शिवाय होम स्टेट हा दोन अर्जांमधला तोडगा आहे. बाबांवरचा अधिकार त्याने आपोआप येत नाही. त्यासाठी दुसऱ्या पायरीतला धागा लागतोच.

चौथी पायरी: आदेश आहे. मग आज कोण कुठे राहतं, ते लिहून काढा

कोरा कागद घ्या आणि चार ओळी लिहा. आदेश कोणत्या राज्याचा. पैसे देणारा आज कुठे राहतो. पैसे घेणारी कुठे राहते. मूल कुठे राहतं. कागदपत्रांवरचा जुना पत्ता लिहू नका, बदलाचा अर्ज देण्याच्या दिवशी प्रत्यक्ष जिथे राहता तो लिहा. रक्कम वाढवायची असो वा कमी करायची, उत्तर या चार ओळींतून येतं.

आपल्या कुटुंबात टेक्ससने आदेश काढला असं धरू.

बाबा अजून ऑस्टिनलाच आहेत. मग बदल फक्त टेक्ससच करू शकतं. आई आणि मुलगी कॅलिफोर्नियात दहा वर्षं राहिल्या तरी. तिघांपैकी एक जण आदेश काढणाऱ्या राज्यात असेपर्यंत ते राज्य अधिकार सोडत नाही. बाबांना कॅलिफोर्नियात समन्स दिलं म्हणूनही कॅलिफोर्नियाला टेक्ससचा आदेश बदलता येत नाही; तो धागा फक्त पहिल्या आदेशासाठी असतो.

आता बाबा वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलला गेले. टेक्ससमध्ये कोणीच उरलं नाही. ज्याला बदल हवा, त्याने समोरच्याच्या अंगणात जायचं, असा नियम इथे लागतो. आईला रक्कम वाढवून हवी, तर अर्ज वॉशिंग्टनमध्ये. बाबांना कमी करून हवी, तर कॅलिफोर्नियात. मी जेव्हा हे सांगते तेव्हा दोन्ही बाजूंना ते उलटं वाटतं. पण यामागे विचार आहे: कोणालाही आपल्या घरच्या कोर्टाचा फायदा घेऊन समोरच्याला ओढून आणता येऊ नये. यासाठी टेक्ससचा आदेश त्या नव्या राज्यात बदलासाठी रजिस्टर करावा लागतो. बदल झाला की पुढचा अधिकार त्या नव्या राज्याचा.

बाबाही कॅलिफोर्नियात आले, सॅन होजेला. आता दोघंही एकाच राज्यात, आणि मुलगी टेक्ससमध्ये नाही. मग कोणाच्या अंगणाचा प्रश्न उरत नाही, कॅलिफोर्निया बदल करू शकतं.

आणि दोघांची संमती असेल, तर वाट मोकळी होते. टेक्ससमध्ये कोणी राहत नसलं, तरी "टेक्ससच पुढे बघू दे" असं दोघांनी नोंदीवर मान्य केलं, तर टेक्सस काम सुरू ठेवू शकतं. किंवा टेक्ससकडे लेखी संमती देऊन, जिथे मूल किंवा दोघांपैकी एक जण राहतो अशा दुसऱ्या राज्याकडे प्रकरण सोपवता येतं. एकमेकांशी बोलणं उरलं असेल, तर हा मार्ग सगळ्यात स्वस्त पडतो. ही संमती व्हॉट्सॲपवर देऊन चालत नाही, कोर्टाच्या नोंदीत यावी लागते.

जुन्या काळातले दोन आदेश निघाले, तर कोर्टाला ‘कंट्रोलिंग ऑर्डर’ कोणती ते ठरवायला सांगायचं. अधिकार टिकवून असलेल्या एकाच राज्याचा आदेश असेल तर तो चालतो. असे दोन असतील, तर मुलाच्या सध्याच्या होम स्टेटचा. तिथला नसेल, तर सर्वांत अलीकडचा.

नोकरी गेल्यावर उशीर करू नका

हे मी मनापासून सांगते, कारण यात मी चांगली माणसं बुडताना पाहिली आहेत. एच-वन-बीवर असलेल्याची नोकरी गेली की पुढचा रस्ता शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या धावपळीत माणूस म्हणतो, "चाइल्ड सपोर्टचं नंतर बघू, कोर्टाला परिस्थिती सांगितली की माफ करतील." कोर्ट माफ करू शकत नाही. १९८६ पासून केंद्राचा कायदा आहे की प्रत्येक हप्ता ज्या दिवशी देय होतो, त्या दिवशीच तो वसूल करता येणारा निकाल ठरतो, आणि मागच्या तारखेपासून रक्कम कमी करता येत नाही. बदलाचा अर्ज करून समोरच्याला त्याची नोटीस गेली, तिथपासूनच कोर्ट रक्कम कमी करू शकतं.

आता चौथ्या पायरीचं महत्त्व लक्षात येईल. सिॲटलच्या बाबांनी घाईत वॉशिंग्टनमध्येच अर्ज टाकला, तीन महिन्यांनी तो परत आला, मग कॅलिफोर्नियात नव्याने टाकला. त्या तीन महिन्यांचे पूर्ण हप्ते त्यांच्या डोक्यावर राहतात. म्हणून आधी त्या चार ओळी लिहा, मग योग्य राज्यात त्याच आठवड्यात अर्ज करा.

पाचवी पायरी: नुसती वसुली हवी असेल तर

आदेश बदलणं आणि आदेश वसूल करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बदल एकच राज्य करतं, पण वसुली कुठल्याही राज्यात करता येते. कित्येकदा कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. टेक्ससचा पगारकपातीचा आदेश सरळ सिॲटलच्या कंपनीच्या पगार विभागाला पाठवता येतो, आणि कंपनीला तो वॉशिंग्टनच्या आदेशासारखाच पाळावा लागतो. केंद्राच्या नियमाने हातात येणाऱ्या पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत, दुसरं कुटुंब पोसत नसेल तर ६० टक्क्यांपर्यंत कपात होते; १२ आठवड्यांहून जुनी थकबाकी असेल तर आणखी ५ टक्के.

घर किंवा बँकेतल्या पैशांवर टाच आणायची असेल, तर आदेश त्या राज्यात वसुलीसाठी रजिस्टर करतात. आदेशाच्या दोन प्रती, त्यातली एक सर्टिफाइड, थकबाकीचा शपथेवरचा हिशेब आणि देणाऱ्याची माहिती लागते. अर्जावर ‘वसुलीसाठी’ की ‘बदलासाठी’ हे स्पष्ट लिहा. दोन्ही हवं असेल तर दोन्ही. थकबाकीवरचं व्याज मूळ राज्याच्या कायद्याने मोजतात, आणि वसुलीची मुदत दोन राज्यांपैकी ज्याची जास्त ती धरतात.

भेटीगाठींचा आणि पैशांचा संबंध कोर्ट जोडत नाही. "मुलीला भेटू देत नाही, म्हणून पैसे थांबवले" हे उत्तर या कामात चालत नाही. मुलीच्या जेवणाचा आणि शाळेचा खर्च आई-बाबांच्या भांडणात अडकू नये, हे मला पूर्ण पटतं. भेटीसाठी वेगळा अर्ज आहे, तो जरूर करा.

सहावी पायरी: नोटीस तुम्हाला आली असेल तर

पाकीट उघडा. ड्रॉवरमध्ये ठेवू नका. दुसऱ्या राज्याचा आदेश तुमच्या राज्यात रजिस्टर झाल्याची नोटीस असेल, तर हरकत घ्यायला सहसा २० दिवस मिळतात. नेमका आकडा नोटिशीवरच असतो. मुदत गेली की आदेश आणि थकबाकीचा आकडा दोन्ही पक्के होतात, नंतर तक्रार ऐकली जात नाही. हरकतीची कारणंही ठरलेली आहेत: मूळ कोर्टाला तुमच्यावर अधिकारच नव्हता, आदेश फसवणुकीने मिळवला, तो नंतर बदलला किंवा रद्द झाला, पैसे भरले आहेत, मुदत उलटली आहे, किंवा हा कंट्रोलिंग आदेश नाही. "मला परवडत नाही" हे त्या यादीत नाही. त्यासाठी बदलाचा अर्ज.

आणि पहिल्याच आदेशासाठी बाहेरच्या राज्यातून समन्स आलं असेल, तर घाईत फॉर्म भरून पाठवू नका. अधिकाराला हरकत घ्यायची असेल, तर ती सगळ्यात आधी घ्यावी लागते. मिळकतीचे आकडे भरून, रकमेवर वाद घालून उत्तर दिलंत, की तुम्ही त्या राज्याचा अधिकार मान्य केलात असं धरलं जातं. गप्प बसलात, तर तुमच्या गैरहजेरीत आदेश निघू शकतो.

ॲलिमनी आणि ताबा

ॲलिमनीचा आदेश ज्या राज्याने काढला, तेच राज्य तो संपेपर्यंत बदलू शकतं. दोघं कुठेही राहायला गेले तरी. इथे अंगणाचा नियम नाही.

मुलाच्या ताब्याला तर वेगळाच कायदा लागतो. तो मुलाच्या होम स्टेटवर चालतो, समोरच्या पालकावर अधिकार असलाच पाहिजे असं नाही. त्यामुळे फ्रीमाँटमध्ये सहा महिने झाल्यावर कॅलिफोर्नियाचं कोर्ट ताबा ठरवू शकतं, राहण्याची अट पूर्ण झाली की घटस्फोटही देऊ शकतं, आणि तरी बाबांना एक डॉलर द्यायला सांगू शकत नाही, असं होऊ शकतं. आपल्या लोकांना हे सगळ्यात अवघड वाटतं. पण घटस्फोट, ताबा आणि पैसे यांची तीन वेगळी दारं आहेत, आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळी.

कोणी भारतात परतलं तर

बाबा पुण्याला परत गेले, आई कॅलिफोर्नियात आहे आणि आदेश टेक्ससचा आहे. अशा वेळी टेक्ससमध्ये कोणी राहत नसलं, तरी आदेश बदलण्याचा अधिकार टेक्सस राखून ठेवतं. एक जण दुसऱ्या राज्यात आणि एक जण अमेरिकेबाहेर असेल, तर तसा खास नियम आहे. दोघंही भारतात परतले, तर दोघांच्या संमतीशिवाय टेक्ससकडून बदल मिळत नाही.

वसुली मात्र कठीण होते. मुलांच्या पोटगीबद्दलचा २००७ चा हेग करार अमेरिकेत १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, पण भारत त्यात नाही. आणि भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ज्या देशांचे निकाल थेट अंमलात आणता येतात, त्या यादीत अमेरिका नाही. त्यामुळे टेक्ससचा आदेश पुण्याच्या कोर्टात नुसता दाखवून पैसे मिळत नाहीत. बाबांची नोकरी किंवा मालमत्ता अजून अमेरिकेत असेल, तर आधी तिथेच वसुली करा. नसेल, तर दोन वाटा. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलीसाठी नव्याने पोटगी मागायची. १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे, आणि बाबा राहतात त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. किंवा परदेशी निकालाच्या आधारे दिवाणी दावा लावायचा, ज्याची मुदत निकालापासून ३ वर्षं आहे.

उलट्या बाजूने, पुण्याचा पोटगीचा आदेश हातात असलेल्या आईचा नवरा ऑस्टिनला असेल, तर टेक्ससवर तो मानायचं बंधन नाही. सौजन्य म्हणून मानण्याची मुभा कोर्टाला आहे. ते झालं नाही, तर तिने टेक्ससमध्येच नवा अर्ज करावा. बाबा तिथे राहतात, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न येत नाही, आणि ती स्वतः भारतात राहते म्हणून तिची वाट बंद होत नाही.

दिवाणी दाव्याच्या वाटेने जाणार असाल, तर अमेरिकेतलं प्रकरण चालू असतानाच एक गोष्ट करा. समोरच्याला समन्स कधी, कुठे, कोणाच्या हाती मिळालं याचा पुरावा आणि सुनावणीत त्याची बाजू ऐकली गेल्याची नोंद, या दोन्हींच्या सर्टिफाइड प्रती काढून ठेवा. परदेशी निकाल तपासताना भारतातलं कोर्ट त्या कोर्टाला अधिकार होता का, निकाल गुणदोषांवर दिला का आणि दुसऱ्या बाजूला बोलायची संधी मिळाली का, हे पाहतं. एकतर्फी निघालेला आदेश बहुतेक वेळा याच ठिकाणी अडतो.